शुक्र बुडाल्याचे आठ दिवस

सबनीसांनी पहिल्याच भेटीत माझी जन्मतारीख विचारली आणि कॅन्टीनच्या पेपर नॅपकिनवर भागाकार मांडला. "अठरा शुक्र पुरे केलेस," ते म्हणाले, "लहान आहेस अजून." आणि मी तिशीचा घोडा!

नेकारसुल्मच्या जर्मन मोटारींच्या कारखान्यात आम्ही समोरासमोर बसायचो. ते गिअरबॉक्सवाले, वय पन्नाशीच्या पुढचं, पण डोकं अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांकडे गहाण टाकलेलं. शुक्र पाचशे चौऱ्याऐंशी दिवसांत एक फेरा पुरा करतो. आधी पहाटे दिसतो, मग लोपतो, मग संध्याकाळी दिसतो, आणि शेवटी आठ दिवस बुडून पुन्हा पहाटे उगवतो. हे सगळं त्या लोकांनी दुर्बिणीशिवाय मांडून ठेवलं होतं. "आपल्या पंचांगातही शुक्र बुडाला की लग्नं लावत नाहीत," सबनीस सांगायचे, "पण हे बेटे फार पुढचे!"

हा हिशोब असलेली माया पोथी ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे म्हणून एका शनिवारी मला गाडीत घालून घेऊन गेले. पोथीच्या काचेसमोर पोचताच त्यांनी बूट काढले. रखवालदार धावत आला. "आल्झो, असं बघा," सबनीस त्याला शांतपणे म्हणाले, "पोथीपुढे आम्ही असेच उभे राहतो." मला कुठे तोंड लपवू असं झालं. रखवालदार मात्र मुकाट्याने बुटांवर लक्ष ठेवत उभा राहिला.

त्याहून मोठा धक्का रजेचा. शुक्र बुडाल्याचे आठ दिवस त्यांना घरी राहायचं असे. आठ वर्षांत असं पाच वेळा होतं, आणि या गृहस्थांनी पाचही रजांचे अर्ज एकदमच भरून दिले होते. मला वाटलं, आता यांना वेड्यात काढणार. साहेब म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, इतक्या वेळेवर कुणीच देत नाही," आणि पाचांवर सह्या ठोकल्या. त्याच साहेबाने माझी नाताळची रजा उशिरा मागितली म्हणून नाकारली होती.

"आठ दिवस तुम्ही करता काय?" मी विचारलं.

"भांडत नाही. शुक्र बुडाला की भांडण बंद."

बायको वारलेली, घरात एकटा जीव. भांडणार कुणाशी? मुलगी केतकी दूर गार्चिंग गावी संशोधन करायची, तेही आकाशाचंच. बापलेक एका खोलीत आले की दहाव्या मिनिटाला दार आपटायचं. एकदा चहाच्या गाळणीवरून आपटलेलं मी स्वतः ऐकलंय. ती तडक निघून गेली आणि सबनीस पुढचे कित्येक दिवस फोनकडे बघत बसले. "आता परत आलीच नाही तर रे?" एवढंच एकदा म्हणाले.

२००९च्या मार्चमध्ये त्यांची रजा लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाल्कनीत आलो, तर द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर शुक्राची चांदणी ढळढळीत. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो, तर पूर्वेलाही तीच. मी चक्रावलोच. ज्या शुक्रासाठी माणूस रजा घेऊन बसलाय, तो बुडालेलाच नाही! संध्याकाळी ऑफिसातून थेट त्यांच्या दारात गेलो.

"सबनीस, तुमचा हिशोब चुकला. शुक्र दिसतोय."

त्यांनी मला जवळजवळ जिन्यात ढकललं आणि मागून दार ओढून घेतलं. चेहरा पांढराफटक.

"हळू बोल. ठाऊक आहे मला. मार्चमध्ये इथून कधीकधी तो बुडतच नाही." मग आणखी खालच्या आवाजात, "केतकी आत आहे. हिची आई गेल्यावर आमचं दोघांचं एवढं एकच ठरलंय. हे आठ दिवस तिने यायचं आणि कुणी भांडायचं नाही. चार झालेत. चार अजून घेऊ दे रे मला."

आकाश शिकलेल्या पोरीपासून हा माणूस आकाश लपवत होता. मी कसंबसं "येतो" म्हटलं आणि उतरलो.

खाली फाटकाशी पोचतो न पोचतो तोच केतकी कचऱ्याची पिशवी घेऊन मागून आली. पिशवी डब्यात टाकली आणि पश्चिमेकडे बघत उभी राहिली. चांदणी अगदी समोर होती.

"दादा," ती अडखळत्या मराठीत म्हणाली, "बाबांना सांगू नका हं. त्यांना वाटतंय, तो बुडालाय. मला अजून चार दिवस राहायचंय."