मामांची शीळ आणि थोरल्या दरवाजाचे मॅग्नेशियमबाबा

नमन त्या मस्तकीच्या मालकिणीस, जिचे दोन वेण्यांखाली अवघे राज्य सुखे नांदते. राज्यस्थापनेपासून शके पंधरा, पौष मास, शाळेत सराव परीक्षेची धामधूम, ते समयी आठवणींचे प्रांती एका मज्जापेशीचे गडावर वर्तमान जाहले ते ऐसे जे, गडास वाटा बहुत आणि एकेका वाटेचे शेवटी दोन जातींचे दरवाजे. धाकटे दरवाजे ॲम्पा नामे, भारी उतावीळ. ग्लुटामेट जासुदाने थाप मारली की सताड उघडावे आणि सोडियमाची फौज आत घ्यावी. फौज शिरली म्हणजे गड तापे, आणि पुरता तापला म्हणजे तोफ डागून पुढील गडांस वर्दी देई. थोरला दरवाजा एनएमडीए नामे, त्याची रीत निराळी. त्याचे ऐन मुखात मॅग्नेशियमबाबा द्वारपाल बूड टेकून बसलेले. बाहेरून जासुदाची थाप आणि आतून भुईचा चटका, दोन्ही एकेच वेळी लागल्यावाचून बाबांनी उठू नये, ऐसा दंडक.

बाबांची वाट मामांच्या शिळेची. शके पाचात मालकिणीचे मामासाहेब फाटकाशी येऊन दोन सुरांची शीळ घालीत आणि सदऱ्याचे खिशातून वाळूत भाजलेल्या गरम शेंगा काढीत. काय ते दिवस! शिळेच्या आणि वासाच्या वाटेने जासूद एकदमच धावत येत, आणि बाळपणीचा तो थोरला दरवाजा एकदा उघडला म्हणजे लवकर मिटतच नसे, आणि बाबा बाजूस उभे राहून नुसते डोलत. मग शके नवात मामासाहेब वारले, आणि शीळ थांबली, आणि वाट ओस पडली, आणि गडाच्या रिवाजाप्रमाणे तेथील धाकटे दरवाजे एकामागून एक काढून आत कोठीत टाकिले. चारांचा एक उरला. मग गडकरी येऊन बोलिले, "बाबा, येत्या पौर्णिमेस हाही काढतो. त्रिकोणमितीच्या वाटेस दरवाजे अपुरे पडताहेत."

"सरकार, शीळ जाईल की हो! पोरीस मामांचा आवाजसुद्धा आता आठवत नाही. एवढी शीळच काय ती राहिली."

"मग मी काय करू? जासूदच फिरकत नाही."

ऐसे होता एके सकाळी शेजारच्या घरचा कुकर दोनदा ओरडला, आणि जासूद एकटाच धापा टाकीत आला, "बाबा, शीळ! अर्धीमुर्धी, पण शीळच!" धाकटा दरवाजा उघडला, मूठभर फौज शिरली, भुई जेमतेम कोमट जाहली. बाबा अर्धे उठले आणि म्हणाले, "न तापो भुई! मी उठतो."

"खाली बसा!" गडकरी कडाडले. "मालकिणीस ताप भरला त्या वर्षी पलीकडल्या गडाचे द्वारपाल असेच उठले. मग जासुदांची दाटी, तोफ थांबेना, आणि दारूखाना पेटून गडाची राख जाहली. विसरलात?"

"विसरायला मी काय सनावळी आहे?" बाबा पुटपुटले, आणि बसले. ऐसे कठीण बसणे त्या राज्यात कोणी पाहिले नाही.

मग पौर्णिमेचा दिवस उजाडला. गडकरी हुकूम घेऊन निघाले, इतक्यात शाळा सुटून मालकीण मैत्रिणीसह पुलापाशी आली. तेथे शेंगावाल्याची कढई तापलेली. वासाच्या वाटेने फौज लोटली आणि गड तापला आणि बाबा कळवळून म्हणाले, "चटका तर लागतोय हो, थाप कोठे आहे?" आणि शेंगावाल्याने पुडी बांधता बांधता, आपल्याच नादात, दोन सुरांची शीळ घातली.

धाड! थाप पडली.

"सरकार, आता बसवत नाही!"

"आता बसाल तर खबरदार!" गडकरी ओरडले.

बाबा उठले, आणि थोरल्या दरवाजाने कॅल्शियम कारभारी मिरवणुकीने आत आले, आणि कोठीतले दरवाजे काढून शिळेच्या वाटेवर बसवा म्हणून फर्मान सोडले, आणि तोफ कडाडली. बाहेर मालकीण जागीच उभी.

"काय गं, भूत पाहिलंस?" मैत्रीण म्हणाली.

"माझे मामा अस्सेच यायचे," मालकीण म्हणाली, आणि शेंगावाल्याकडे वळून, "काका, ती शीळ पुन्हा घाला ना. अहो, एकदाच!"

तो लाजला, पण घातली. एकदाची तीनदा जाहली, आणि तोवर धाकटे दरवाजे पाच जाहले. गडकऱ्यांनी हुकूम फाडिला. बाबा पुनः मुखात बसले. मग पूल मागे पडला, शेंगा संपल्या, वासही विरला, आणि मालकीण चालता चालता स्वतःच ती शीळ घालीत घरचे फाटकाशी आली. एकटा जासूद आला, पाचही दरवाजे उघडले, आणि बाबांस बुडाखाली चटका लागला.

येणेप्रमाणे शिळेची वाट राहिली. जो वेळ येईतो बसला, त्याचेच उठणे कामी आले. मामासाहेब नाहीत, फाटकाशी शीळ आहे. इति.