एकशे त्रेसष्ट फेऱ्यांचा सन्मान

कार्यक्रमपत्रिका छापली होती तशीच खाली देतो. फक्त प्रत्येक कलमाखाली खरं काय झालं तेवढं लिहितो. छापील पत्रिकेत त्याला जागा नव्हती.

१. स्वागत

सत्कार म्हटलं की आमच्या खात्यात माझंच नाव निघतं. तसा मी सरकारी शाळांच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, पण ती झाली पोटापाण्याची गोष्ट. खरा मी सत्कारवाला! आजवर चौदा सत्कार पार पाडले. एकदाही माइक बंद पडला नाही. एकदाही स्टेजवरची खुर्ची रिकामी दिसली नाही. (कोणी आलं नाही तर आमच्या एका सडपातळ कारकुनाला कोट घालून बसवतो. तो कोणासारखाही दिसतो.) आणि चौदांपैकी एकाही सत्कारमूर्तीला आपला सत्कार नेमका कशासाठी झाला हे कळलेलं नाही. यालाच मी नियोजन म्हणतो.

यंदा साहेबांनी फर्मान काढलं. शाळांमधला एक शिक्षक, एक कर्मचारी आणि एक स्वयंसेवक, सगळे सर्वोत्कृष्ट, असे निवडा. आणि निवड अशी पारदर्शक करा की कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये.

मी म्हटलं, साहेब, निश्चिंत राहा. माणसं निवडली की लोक बोट दाखवतात. आपण कागद निवडू.

२. प्रास्ताविक

शिक्षक निवडणं सोपं गेलं. मी शंभर गुणांचा तक्ता केला. उपक्रमांचे फोटो, चाळीस गुण. फोटोखालच्या ओळी, वीस. फाइलची सजावट, पंचवीस. उरलेल्या पंधरांत शिकवणं बसवायचं होतं, पण त्याला पुरावा काय जोडायचा हे कोणालाच सांगता येईना. मग ते पंधरा अनुक्रमणिकेला दिले.

पहिल्या आल्या फोटोबाई. यांच्या वर्गात फळ्यावर गणित लिहिलं की आधी फोटो निघतो, मग उत्तर. पुष्कळदा उत्तर निघायच्या आत तास संपतो.

माझी बायको त्याच शाळेत एकोणीस वर्षं तिसरीला शिकवते. मी तिला म्हटलं, अगं, तूही एक फाइल करून टाक. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "करते ना. तोवर माझ्या चाळीस पोरांना तुमच्या तक्त्यात बसवून ठेवा."

मी विषय बदलला.

कर्मचारी त्याहून सोपा. ज्याने वर्षभरात एकही रजा घेतली नाही, तो. रजेच्या फायलीत असा एकच सापडला, आमचा इलेक्ट्रिशियन. मागाहून कळलं की तो वर्षभरात कामावर आलेलाच नाही. जो येतच नाही तो रजा कशाला मागेल? पण तोवर त्याचं मानपत्र छापून झालं होतं, आणि छापलेलं मानपत्र मागे घेण्याचा फॉर्म आमच्याकडे नाही.

३. स्वयंसेवकाचा परिचय

इथे माशी शिंकली. स्वयंसेवकासाठी एकही अर्ज आला नाही. नोटीस फलकावर लावली होती, मुदत दोनदा वाढवली, तरी नाही. जे खरोखर शाळेसाठी राबतात त्यांना फलक वाचायला वेळ नव्हता, आणि ज्यांना वेळ होता ते राबत नव्हते.

तेव्हा मला गेटवरची वही आठवली. आमचं ऑफिस शाळेच्याच इमारतीत, खाली वर्ग आणि वर आम्ही. बाहेरून येणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि कामाचं स्वरूप गेटवाले मामा वहीत लिहून घेतात. मी वर्षभराच्या वह्या मागवल्या, दार लावलं आणि मोजायला बसलो. तीन दिवस मोजलं. आणि सापडला की हो हिरा!

सोमवार, निवृत्त बसड्रायव्हर, शाळेचे काम.
मंगळवार, तेच, शाळेचे काम.
बुधवार, तेच, शाळेचे काम.
गुरुवार, तेच, तेच.

एकशे त्रेसष्ट वेळा! शाळा तोवर एकशे सत्तर दिवस उघडी होती. साहेब नुसते गहिवरले. म्हणाले, अशी माणसं आहेत म्हणून शाळा उभ्या आहेत. मी म्हटलं, आणि अशा वह्या आहेत म्हणून ती माणसं सापडतात.

मामांना एका शब्दाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. मामा 'शाळेचे काम' सगळ्यांच्याच नावापुढे लिहितात. पाण्याच्या टाकीवाला, विमा विकणारा, हरवलेली छत्री शोधायला आलेला पालक, सगळे शाळेच्या कामाला. पुढे मी त्यांना खडसावलं, तर ते शांतपणे म्हणाले, खरं कारण लिहायचं तर वही महिन्यात भरते, आणि नवी वही मागितली की तुम्ही मागणीपत्र आणा म्हणता.

४. निमंत्रण

पत्र मी स्वतः लिहिलं. 'महोदय, आपण वर्षभर सातत्याने येत आहात याची या कार्यालयाने नोंद घेतली आहे. त्यानुसार येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता आपणास ते सन्मानपूर्वक प्रदान करण्यात येईल. येताना ओळखपत्र आणावे.'

'ते' म्हणजे काय हे लिहिलं नाही, कारण ढाल द्यायची की मानपत्र हे साहेबांचं ठरत नव्हतं. अशा वेळी 'ते' लिहावं. कशालाही लागू पडतं.

फारच लागू पडलं.

५. मान्यवरांचे आगमन

गुरुवारी मी नऊलाच हॉलमध्ये हजर. खुर्च्यांना कव्हरं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, माइक दोनदा फुंकून तपासलेला. आणि पहिल्या रांगेत, नेमके पाहुण्यांच्या जागी, मांडीवर पिशवी घेऊन बसलेले कोण? दाखलेवाले काका!

आता हे काका कोण ते सांगायला हवं. यांची नात आमच्या शाळेतून आईबापांबरोबर दुसऱ्या गावी गेली. तिकडच्या शाळेने तिला तात्पुरतं बसवून घेतलं, पण शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणाले. तो दाखला माझ्या टेबलावर. लिहून झालेला, मुख्याध्यापिकांची सही झालेली. फक्त माझा शिक्का आणि जावक नोंद बाकी. पण माझ्यामागे आधी वार्षिक आकडेवारी होती, मग तपासणी, मग हा सत्कार. काका रोज यायचे. माझ्या खुर्चीकडे बघायचे. मी खुर्चीत नसलो तर खाली मैदानात जाऊन थांबायचे, असलो तर मी त्यांना उद्या या म्हणायचो. मोठा समजूतदार माणूस. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. अर्ज नातीच्या नावाचा होता, त्यांच्या नावाची गरजच काय?

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, काका, आज कार्यक्रम आहे, इथे नका बसू, उद्या या. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मी म्हटलं, कागद उद्या बघू.

ते उठले. "उद्या शुक्रवार," म्हणाले. "शनिवारी ते तिचं नाव काढतात, साहेब. मग वर्ष गेलं."

मी म्हटलं, काही होत नाही हो, असं सगळेच म्हणतात. त्यांनी कागदाची होती तशी घडी केली, खुर्चीचं कव्हर सरळ केलं आणि गेले. खुर्ची मोकळी झाल्याचं मला केवढं समाधान!

६. सन्मान

फोटोबाईंनी ढाल घेतली आणि घेतानाचा फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा घेतली. इलेक्ट्रिशियन आपल्या लौकिकाला जागून आला नाही. कोटातल्या कारकुनाने ढाल स्वीकारली आणि टाळ्याही घेतल्या.

मग मी आवाज चढवला. वर्षात एकशे त्रेसष्ट दिवस निरपेक्ष वृत्तीने या शाळेची पायरी चढणारे, असं म्हणून नाव पुकारलं आणि हात पसरून उभा राहिलो.

कोणी उठेना.

पुन्हा पुकारलं, आणि या वेळी 'निवृत्त बसड्रायव्हर' हेही जोडलं. तिसरीच्या रांगांत एकदम गलका झाला. लाइनवाले आजोबा! लाइनवाले आजोबा! एक पोरगी बाकावर उभी राहून ओरडली की ते आले होते, पण त्यांना या माइकवाल्या काकांनी घालवलं. आणि माझ्या पारदर्शक निवडीकडे एकदम चाळीस बोटं वळली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइककडे पाहिलं. माझी बायको उभी राहिली. एकोणीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजाला माइक लागत नाही. तिने सगळ्या हॉलला सांगितलं की हे गृहस्थ माझी, म्हणजे हेडक्लार्कची, वाट बघत मैदानात थांबतात, आणि थांबल्या थांबल्या पोरांच्या रांगा लावतात, बुटांच्या नाड्या बांधतात. तिसरीच्याच शेजारच्या तुकडीच्या बाई महिनाभर आजारी होत्या तेव्हा यांनीच ती तुकडी सांभाळली. बाकांची बस केली, प्रत्येक बाक म्हणजे एक स्टॉप, आणि स्टॉपचं नाव सहा, बारा, अठरा.

"अहो, सगळ्या तिसरीचा सहाचा पाढा पाठ झाला तो काय तुमच्या तक्त्याने?"

अहो म्हणाली, पण हॉलमध्ये कोणालाही ते आदरार्थी वाटलं नाही.

७. (पत्रिकेत नाही)

मी धावलो. चौदा सत्कारांत मी कधी धावलेलो नाही. कोपऱ्यावरच्या स्टॉपवर काका उभे, बस समोर आलेली, त्यांचा एक पाय पायरीवर.

"काका, उतरा! तुमचं काम झालं!"

त्यांनी ड्रायव्हरला हाताने जा म्हणून खूण केली. मग माझ्याकडे असं काही पाहिलं की दुसऱ्या कोणाचा सत्कार असता तर मलाही भरून आलं असतं. वाटभर ते म्हणत होते की मला वाटलंच, पत्र पाठवून कोणी फसवत नाही. मी मान खाली घालून चालत होतो. दम लागला होता, असं आपलं मी म्हणतो.

८. मनोगत

साहेबांनी ढाल दिली. काकांनी ती उलटी करून मागून पाहिली. पुन्हा सरळ केली. मग पिशवीतून चष्मा काढून वाचली. मी माइक पुढे केला, कारण पत्रिकेत मनोगत होतं.

काका माइकमध्ये म्हणाले, "याच्यावर नातीचं नाव नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, बस का उशिरा आली हे प्रवाशांना सांगावं तसं. शेवटी ढालीवर बोट टेकवून साहेबांना विचारलं, "ही चांगली आहे, जड आहे. पण तिकडची शाळा हे घेईल का?"

प्रमुख पाहुण्यांनी साहेबांना विचारलं की दाखल्याला वेळ किती लागतो. साहेबांनी मला विचारलं. माझ्या हातात माइक होता आणि सवय वाईट. मी त्यातच बोललो.

"चार मिनिटं."

एवढं स्पष्ट मी आयुष्यात बोललो नव्हतो. शेवटच्या रांगेतल्या मामांनाही ऐकू गेलं.

पाहुण्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी जिने चढलो. दाखला सापडला, तो पुरस्काराच्या फायलींखाली होता. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली कोटवाल्या कारकुनाकडे, कारकून स्टेजवर. पुन्हा खाली, पुन्हा वर. शाईचा पॅड वाळून खडखडीत. त्यात बाटलीतलं पाणी शिंपडलं. शिक्का मारला, जावक नोंद केली, खाली आलो. अकरा मिनिटं झाली होती. मुलांनी तेवढ्यात सहाचा पाढा दोनदा म्हणून दाखवला, पाहुणेही म्हणत होते.

काकांनी दाखला ओळीखाली बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. जन्मतारखेपाशी थांबले, मान हलवली, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी शर्टाच्या आत. ढाल माझ्या हातात दिली. "ही ठेवा तुमच्याकडे. बसमध्ये एक हात दांडीला लागतो." आणि पुढचं मनोगत राहू देत म्हणून निघाले, कारण अकरा चाळीसची बस होती.

टाळ्या थांबेनात. मला काही क्षण वाटलं, माझ्यासाठी.

९. आभारप्रदर्शन

शनिवारी मामांनी बातमी आणली. काका शुक्रवारी उशीर नको म्हणून गुरुवारीच तिकडे गेले, शुक्रवारी शाळा उघडायच्या आधी दारात उभे होते. नातीचं नाव राहिलं. काका आता तिकडेच राहणार आहेत. ते माझ्याविषयी काही बोलले का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, नाही, तुमचा विषय निघाला नाही.

सोमवारी मी ऑफिसात आलो तर माझं टेबल दिसत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवक पुरस्कारासाठी अर्ज! ज्या पुरस्कारासाठी दोनदा मुदत वाढवून एक माणूस फिरकला नव्हता, त्याला तीन दिवसांत एकाहत्तर. साहेबांनी सगळे वाचायला सांगितले. मी वाचले. कोणी किती सेवा केली हे कोणीच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त आपलं आमच्याकडे अडकलेलं काम लिहिलं होतं, आणि स्टेजवर बोलवल्यास आपण किती वाजता येऊ शकतो ते.

सगळ्यांत वरचा अर्ज टपालाने आलेला. तिसरीच्या वर्गाची खिडकी लागत नाही, दुरुस्तीची मागणी दोन वर्षांपूर्वी केली आहे, आठवण चार वेळा. अर्जदाराचा पत्ता माझ्याच घरचा. तळाला, एकोणीस वर्षं फळ्यावर घोटलेल्या वळणदार अक्षरात एक ओळ होती.

पोच मिळावी.