नाफडेकाकांचा डीपी

नाफडेकाका आमच्याकडे आले की आधी माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या डीपीकडे बघतात. दारात चपला काढता काढताच त्यांच्या मोबाइलवर माझा फोटो उघडलेला असतो. "मेधा, तुळशीचं लग्न होऊन गेलं ना बाप्पा! अजून आकाशकंदीलच लावून बसून राहिली तू?" असं म्हणत ते आत येतात. खरा आकाशकंदील त्यांच्या डोक्यावर लटकत असतो, त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नसते. तो आल्यागेल्यालाच दिसतो. डीपी साऱ्या जगाला दिसतो.

काका लखनौच्या महानगर कॉलनीत आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. एकटेच. मूळचे अमरावतीचे. इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी उभी नोकरी पानांचे फोटो काढण्यात घालवली. पानं म्हणजे झाडांची. शास्त्रज्ञ पान आणून देत आणि काका ते काचेवर ठेवून शीर न् शीर दिसेल असा त्याचा फोटो काढत. निवृत्त झाल्यावर पानं संपली आणि काका माणसांकडे वळले. माणूस हा पानापेक्षा हलका नमुना आहे, हे मत मात्र त्यांनी सोडलं नाही. "पान डोळे मिटत नाही," ते म्हणतात, "आणि 'मी जाड दिसते का हो' असंही विचारत नाही."

हा नाद मोबाइलच्याही आधीचा. निशातगंजच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने बसायचे दिवस होते ते. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या साइटवर खातं उघडलं होतं आणि फोटोच्या जागी गुलाब, सूर्यास्त नाहीतर परदेशी बाळ लावलं होतं. बाळाला फार मागणी होती. साठीचे सहस्रबुद्धे कितीतरी महिने निळ्या डोळ्यांच्या गोऱ्यापान बाळाच्या रूपात आम्हाला सुप्रभात म्हणत होते. काकांना ते बघवेना. त्यांनी एकेकाला गच्चीवर नेऊन फोटो काढले आणि पेनड्राइव्ह खिशात घालून कॅफे गाठला. लोकांनी आपापले पासवर्ड त्यांना निःशंक मनाने सांगून टाकले होते. बहुतेकांचा गजाननच होता, मागे जन्मसाल. काका आत शिरले की कॅफेवाला ओरडायचा, "आइए अंकल, आज किसका मुँह बदलना है?"

त्यांची गच्ची म्हणजे आमचा स्टुडिओ. पांढरी चादर, लाकडी स्टूल आणि सकाळचं ऊन. काकांचा एकच प्रश्न असतो, "प्रकाश कुठून येतोय?" हा प्रश्न ते कुठेही विचारू शकतात. माझ्या सासूबाई पाय घसरून पडल्या तेव्हा काकाच धावत आले, रिक्षा आणली, दवाखान्यात पट्टी बांधून होईपर्यंत उभे राहिले. परतताना रिक्षात सासूबाई कण्हत होत्या. काका त्यांच्याकडे टक लावून बघत मला हळूच म्हणाले, "प्रकाश डावीकडून आहे. चेहऱ्यावर भाव पण काय सुंदर आले आहेत!" सासूबाई कण्हायच्या थांबल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. तो फोटो अजून त्यांचा डीपी आहे. सगळ्यांना वाटतं, त्या ध्यानाला बसल्या आहेत.

जोशीकाकूंनी एकदा स्वतःच्या हाताने डीपी लावला. लग्नातल्या फोटोतून सुनेला कापून टाकलं होतं, पण सुनेचा हात काकूंच्या खांद्यावर तसाच राहिला. काका भरदुपारी त्यांच्या दारात. "वहिनी, तुमच्या खांद्यावर परक्या बाईचा हात आहे." काकूंनी दचकून खरोखर मागे वळून पाहिलं.

आमची लेक इरा लखनौतच वाढलेली. मराठी समजतं, उत्तर हिंदीत. ती एकदा वैतागून म्हणाली, "काका, डीपी ही तो है यार, कौन देखता है?"

"बेटा," काका गंभीरपणे म्हणाले, "आदमी सोता है, डीपी ड्यूटी पे रहता है."

त्यांचा स्वतःचा डीपी म्हणाल तर पान. पाडव्याला कडुनिंब, गणपतीत दूर्वा, दसऱ्याला आपटा, एरवी पिंपळ. माणसाने जन्मभर पानंच पाहिली, तर डीपीलाही पानच लावणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग ती गणपतीची भानगड झाली. त्या वर्षी काकांच्या डोक्यात आलं की उत्सवात साऱ्या मंडळाचा डीपी एकच हवा, मंडळाच्या मूर्तीचा. कल्पना सर्वांना आवडली. करतो म्हणून कुणी करणार नाही हे ठाऊक असल्यामुळे काका घरोघर फिरले आणि सगळ्यांचे मोबाइल हातात घेऊन स्वतःच बदल करून आले. उत्सवाच्या ग्रुपात चौकातला हलवाईही होता. महाप्रसाद त्याच्याकडे, म्हणून त्यालाही सोडलं नाही.

आता, आमच्या मंडळातली निम्मी माणसं चष्मा शोधण्याचा कंटाळा असलेली. नाव वाचायचं नाही, फोटो बघून बोट ठेवायचं, अशी त्यांची रीत. आणि संध्याकाळी जिकडे बोट ठेवावं तिकडे गणपती.

जोशीकाकूंनी नवऱ्याला कळवलं, "येताना हिंग आणा. आणि देशकरांकडे चहाला थांबू नका, बाई गोड बोलते आणि शिळी चकली खायला घालते." हा निरोप नेमका देशकरवहिनींना गेला. पलीकडून गणपतीने उत्तर दिलं, "हिंग माझ्याकडे आहे, पाठवते. चकली ताजी होती."

मंडळाचे अध्यक्ष पाठकसाहेब म्हणजे बँकेतले निवृत्त मोठे अधिकारी. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. ते बायकोला म्हणून लिहून गेले, "राणी, जेवलीस का?" आमच्या संगतीत मराठी समजू लागलेल्या हलवायाने अदबीने कळवलं, "जी सर, खा लिया. आपने?" हलवाई साधा माणूस. साहेब आपली इतकी काळजी घेतात याचं त्याला एवढं अप्रूप वाटलं की महाप्रसादाच्या पंगतीत त्याने सर्वांना ते वाचून दाखवलं.

विसर्जनानंतर तातडीची सभा भरली. पाठकसाहेब लालबुंद, देशकरवहिनी आणि जोशीकाकू खोलीच्या दोन टोकांना. काका उठले, हात जोडून चूक कबूल केली आणि उपायही त्यांनीच सुचवला. यापुढे ज्याचा चेहरा त्याचा डीपी. देव नाही, फूल नाही, नातवंडं नाहीत. शिवाय मंडळाचं इंटरनेटवर पान करायचं, त्यावर प्रत्येक सभासदाचा फोटो, म्हणजे बाहेरगावची मराठी माणसं लखनौला आली की त्यांना आपण सापडू. टाळ्या पडल्या. आठवडाभर गच्चीवर रांग होती. काकांनी सगळ्यांचे फोटो काढले, इतके चांगले काढले की पाठकसाहेबसुद्धा माणसात आल्यासारखे दिसू लागले.

दिवाळी फराळाच्या दिवशी ते पान सर्वांना दाखवायचं होतं. मी मंडळाची कार्यवाह, म्हणून आधी मला दाखवलं. सगळे चेहरे ओळीत, आणि शेवटच्या चौकोनात पिंपळाचं पान. खाली नाव, श्री. नाफडे.

"काका, हे काय?"

"राहू दे. मला सगळे ओळखतात."

पाठकसाहेबांनी मात्र राहू दिलं नाही. राणीचा वचपा काढायची संधी आयती चालून आली होती. ते कार्यकारिणीत म्हणाले, "नियम त्यांनीच केला. फराळापर्यंत चेहरा लागला नाही, तर नाव काढा. पानावरूनही आणि ग्रुपातूनही." वाटलं, काका थोडे फुरंगटतील आणि लावतील फोटो. काका शांतपणे म्हणाले, "मग काढा नाव," आणि छत्री उचलून निघून गेले.

मी हबकलेच. या माणसाला मंडळाशिवाय आहे कोण? ना बायको, ना मूल, अमरावतीचे भाऊ केव्हाच गेलेले. सकाळपासून आमचे फोटो बघायचे आणि एकेकाच्या दारात जाऊन भांडायचं, हाच त्यांचा संसार. तो एका फोटोपायी सोडून द्यायला निघाले? मला रागच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तरातरा त्यांच्या गच्चीवर गेले. काका कपडे वाळत घालत होते.

"तुमचा हा हेकटपणा पुरे झाला," मी म्हणाले. "आम्हाला स्टुलावर बसवून हनुवटी वर, हनुवटी खाली करायला लावलंत. तुम्हालाच काय झालं?"

काकांनी हातातला पंचा झटकला, पण दोरीवर टाकला नाही.

"मेधा, आमच्या वेळी पत्रिकेबरोबर फोटो जायचा, माहिती आहे ना? मुलीचा तसा मुलाचाही. पसंत नसला की परत यायचा. माझा प्रत्येक वेळी परत आला. पोस्टमनसुद्धा ओळखायला लागला होता पाकीट. एका ठिकाणी मात्र आधी भेट झाली. अकोल्याची होती. तासभर बोललो आम्ही. कसली हसली होती ती बापा, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या! मग तिच्या पुण्याच्या मामांनी फोटो मागवला." काकांनी पंचा पुन्हा झटकला. "समोर असलो की मी बोलून निभावून नेतो गं. फोटोला बोलता येत नाही ना."

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. इतका वेळ मी काकांबद्दल बोलते आहे आणि ती सांगायची राहूनच गेली. मुद्दाम लपवली असं नाही, खरंच आठवली नाही. काकांना कोड आहे. ओठांपासून हनुवटीवर आणि डाव्या गालावर, तरुणपणापासून. मी लखनौला आले तेव्हा पहिल्या दिवशी मला ते दिसलं असणार. नंतर कधी दिसायचं बंद झालं, ते मला सांगता येणार नाही. त्या सकाळी ते बोलले तेव्हा मी कितीतरी वर्षांनी पुन्हा पाहिलं.

मी आपली काहीतरी बोलून गेले, "काका, हलवाई काल विचारत होता, साहब ने खाना खाया कि नहीं?"

काका असे हसले की पंचा हातातून खाली पडला. मान मागे, तोंड उघडं, एक हात पोटावर. मी फोटो काढला. लपूनछपून नाही, समोर उभं राहून काढला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

काका फोटोकडे बघत राहिले. ज्या माणसाला सुटलेला धागा दुसऱ्या गच्चीवरून दिसतो, त्याने प्रकाश कुठून येतोय तेसुद्धा विचारलं नाही. त्यांचं बोट फोटोतल्या हनुवटीपाशी होतं. मी त्यांच्याकडे बघत होते, फोटोकडे माझं लक्ष नव्हतं.

"पाठवून ठेव," एवढंच म्हणाले.

फराळाच्या आदल्या दिवसापर्यंत पिंपळाचं पान तसंच होतं. मी मनाची तयारी केली होती. काकांचं नाव माझ्या हाताने काढावं लागलं तर कार्यवाहपद सोडायचं, हेही ठरवलं होतं. संध्याकाळी चकलीचा घाणा तळत होते, तेवढ्यात इरा ओरडली, "मम्मी! काका का फोटो!"

गॅस बंद करून मी धावले. पिंपळ गेला होता. त्याच्या जागी काका हसत होते. आमच्या मंडळात भली माणसं पुष्कळ आहेत, पण भल्या माणसांचीच मला भीती वाटत होती. कुणीतरी 'मनाचं सौंदर्य' वगैरे लिहिणार आणि सगळं संपणार, या धास्तीने मी ग्रुपाकडे डोळे लावून बसले.

पहिल्या लिहित्या झाल्या जोशीकाकू. "नाफडेभावजी, मागे दोरीवर बनियन दिसतंय."

त्यावर देशकरवहिनी. "एक नाही, दोन आहेत. आणि एकाला भोक आहे." गणपतीनंतर त्या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मग तर झुंबडच उडाली. आम्हाला चादर आणि स्वतःला बनियन? सहस्रबुद्ध्यांनी विचारलं, चिमटे कुठून आणले. कुणी भोकाचा फोटो मोठा करून पाठवला. माझ्या सासूबाईंनी ध्यानस्थ चेहऱ्याने लिहिलं की नवं बनियन दिवाळीची भेट म्हणून त्या देणार आहेत. शेवटी पाठकसाहेब आले. "चेहरा मिळाला. नियमाची पूर्तता झाली. बनियनाबाबत नियम नाही." आणि त्याखाली, मंडळाच्या इतिहासात प्रथमच, त्यांनी एक हसरा चेहरा टाकला.

मी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. दुसरं कुणी काही लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात काकांचाच फोन आला.

"मेधा, वाचलं का गं? सगळ्यांना बनियनच दिसलं."

"हो काका," मी म्हणाले. "मी तेवढं कापून देऊ का?"

"खबरदार हात लावलास तर!" काका कडाडले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "राहू दे तसंच. छान दिसून राहिलं."