धुतलेलं सैन्य

रणगाड्याला चिखल लावण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचाय! हे मी म्हणत नाही, आमचे दातांचे डॉक्टर म्हणतात. आणि ते माझे शत्रू आहेत! म्हणजे, रविवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी टेबलावर लढाई मांडतो. बोटभर लांबीचे रणगाडे, हाताने रंगवलेले. पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, ज्याचे रणगाडे उरले तो जिंकला.

ही गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. शेवटी डॉक्टरांचाच फोन आला. "या रविवारी या. हरायला तरी या!"

म्हटलं, येतो! आणि असा येतो की तुम्हाला धूळच चारतो!

आठवडाभर खाली मान घालून बसलो. प्रत्येक रणगाड्याच्या चाकांना चिखल लावला, कडांना गंज चढवला, वरून तपकिरी पूड फुंकली. कोरा रणगाडा खेळणं वाटतो. मळला की वाटतं, हा कुठून तरी जाऊन आलाय. आता फक्त वॉर्निशचा हात राहिला होता, त्याशिवाय ती पूड टिकत नाही. बघतो तर बाटली सुकलेली. नवी आणायला बाहेर पडलो. घरी अक्का होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावाचं घर आवरून द्यायला आली होती.

इथेच मी हरलो.

परत आलो तर घरात कोणी नाही. बेसिनशेजारी टॉवेल पसरलेला आणि त्यावर माझं सगळं सैन्य रांगेत उभं. चकचकीत! जणू लढाईला नाही, लग्नाला निघालंय! बाजूला दात घासायचा जुना ब्रश आणि भांड्यांचा साबण. बेसिनमध्ये तपकिरी पाणी. अक्का भाजीला गेलेली, आणि तिचा फोन ओट्यावर.

मी कदाचित हसलोही असतो. पण रांगेत ट्रक दिसेना.

तो ट्रक हिचा. सगळ्या सैन्यात तिने रंगवलेली ती एकच गाडी. "अहो, एवढे रणगाडे, आणि त्यांना जेवण पोचवणारं कोणीच नाही? उपाशी लढतात की काय!" असं म्हणून तिने स्वतःच ब्रश हातात घेतला. आणि रंग ओला असतानाच ट्रक उचलला! टपावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला, रेघ न् रेघ.

मी म्हटलं, "अगं, वाळू दे की जरा!"

"वाळलाय का तेच बघत होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी त्या ट्रकवर कधी तोफ डागली नाही. म्हणायचे, "वहिनींच्या गाडीला हात लावला तर मला तुमच्या घरात चहा मिळेल का?"

हिचे फोटो घरात पुष्कळ आहेत. अंगठा तेवढाच होता.

बेसिनच्या भोकावर जाळी नव्हती. मी प्लंबरला बोलावलं.

"काय गेलंय आत?" त्याने विचारलं.

"ट्रक."

"काय?"

"ट्रक! लष्करी. जेवण घेऊन जाणारा."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "काका, घरात दुसरं कोणी असतं का?"

"होती," मी म्हटलं.

तो गुडघ्यावर बसला आणि बेसिनखालची वाकडी नळी सोडवू लागला. मदत करावी म्हणून मी नळ घट्ट बंद करायला गेलो, तो उलटा फिरवला! वरून धार, खालून लोंढा. मी टॉवेल ओढला, त्याच्यावर सैन्य आहे हे विसरून! सगळे रणगाडे धडाधड पाण्यात. भूदलाचं नौदल झालं!

"अहो, वर काय चाललंय?" खालच्या मजल्यावरून आवाज आला.

"लढाई!" प्लंबर ओरडला.

नळीतून साबणाचा गाळ निघाला, एक बटण निघालं आणि लांब काळ्या केसांचा गुंता निघाला. माझ्या डोक्यावर केस नाहीत. अक्काचे पांढरे आहेत.

"ट्रक नाही, काका," प्लंबर हळूच म्हणाला. गुंता त्याच्या हातातच होता. "हे... टाकून देऊ?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात दारात अक्का! हातात भाजीची पिशवी, समोर तळं, तळ्यात भाऊ.

"बाळ! हे काय करून ठेवलंस?" साठीच्या माणसाला ती अजून बाळच म्हणते. "मी मरमर करून सगळं धुतलं! लोक म्हणाले असते, बायको गेली आणि याची खेळणीसुद्धा मळली!"

"अक्का, ट्रक कुठाय?"

"कोणता ट्रक?"

"तिचा!"

"तो होय! तो कपाटात आहे. कापसावर ठेवलाय."

मी कपाट उघडून ट्रक बाहेर काढला.

"त्याच्यावर बोटाचा डाग होता," अक्का म्हणाली. "घासायला ब्रशसुद्धा उचलला. मग माझा अंगठा लावून बघितला, मोठा पडला. तुझा तर फावड्याएवढा. म्हटलं मग हा तिचाच. नाही घासला."

प्लंबरने केसांचा गुंता कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवला आणि खाली बघत नळी बसवू लागला.

आता धोका नको, म्हणून मी तिथल्या तिथे नवी बाटली उघडली. जपून, श्वास रोखून, ट्रकच्या टपावर वॉर्निशचा जाड हात दिला. म्हटलं, आता पुढची शंभर वर्षं हा ठसा हलत नाही! मग तो नीट दिसतोय ना, हे बघायला ट्रक उजेडात धरला.

टपाला धरून.

आता तिच्या ठशाशेजारी दुसरा ठसा आहे. फावड्याएवढा.

अक्का ब्रश घेऊन मागेच उभी होती. "हा तर तुझाच. हा घासू का?"

मी म्हटलं, "वाळू दे की जरा."