परबकाका आणि ब्राझील

आमच्या सोसायटीतली लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक सेक्रेटरीला फोन करायचे. परबकाका मात्र जिन्याखाली उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "पुढील विधान सकारण स्पष्ट करा. पावसाळ्यात लिफ्ट बंद पडते."

सेक्रेटरी शाह वरून ओरडायचे, "परबभाई, मोटर जळली!"

"एकच कारण? प्रश्न तीन मार्कांचा आहे!"

परबकाका आता मालवणजवळ गावी राहतात. त्यांच्या ब्लॉकमध्ये दुसरं बिऱ्हाड आलंय आणि लिफ्टही नवी बसलीय. पण अजूनही नळाचं पाणी गेलं की मी आपोआप तीन कारणं शोधायला लागते.

कांदिवलीला आमचा दरवाजा त्यांच्या दरवाजासमोर होता. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. किडकिडीत अंग, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. काकी गेल्यावर वर्षभर ते कोणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी बघते तर जिन्यात उभे, काखेत दहावीचं इतिहासाचं आणि भूगोलाचं पुस्तक. दोन्हींना खाकी कव्हर, वर लेबल.

"कोणासाठी हो, काका?"

"कोणासाठी नाही. हल्ली पोरांना काय शिकवतात ते तपासतोय."

यावर कोणीही विश्वास ठेवला नसता, पण परबकाकांच्या बाबतीत सगळ्यांनी ठेवला. सोसायटीने नवा पाइप आणला तेव्हा घरून व्हर्नियर आणून त्याची जाडी मोजणारा माणूस हा. सरकारची पुस्तकंसुद्धा तपासेल, असं सगळ्यांना वाटलं.

दहावीच्या भूगोलात भारताची तुलना ब्राझीलशी केलेली आहे, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मलाच काय, भाजीवाल्याला, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना कळलं. "ब्राझील में भी सब लोग समुंदर के किनारे रहता है, अपने मालवण के जैसा," ते वॉचमनला सांगायचे. वॉचमन जौनपूरचा. तो म्हणायचा, "अच्छा है ना, साहब." उकाडा वाढला की काका म्हणत, "ब्राझीलला आता थंडी पडणार." जणू त्यांचा भाऊच तिकडे असतो आणि आत्ताच फोन येऊन गेलाय.

इतिहास ते आमच्या घरात बसून शिकले. इतिहासाची साधनं तीन प्रकारची: लिखित, भौतिक आणि मौखिक. आमचा जुना पाटा-वरवंटा बघून ते म्हणाले, "हे भौतिक." मग सासूबाईंकडे हात केला, "आणि हे मौखिक. अखंड चालू असतं." सासूबाईंनी त्या दिवशी चहात साखर घातली नाही.

लिहिलेली उत्तरं ते माझ्याकडे तपासायला आणायचे. समासाची रेघ अशी की लेथवर काढलीय.

"काका, मी शाळेत विज्ञान शिकवते."

"मग तर फारच चांगलं. तटस्थ परीक्षक."

त्यांचा सगळा राग टिपांवर. "संसदेवर टीप लिहा, म्हणे. पाच ओळींत! एवढी मोठी इमारत पाच ओळींत बसते काय, बाई?"

एकदा मी गमतीत त्यांच्या वहीवर लाल शाईने 'नापास' लिहून दिलं. काकांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, गंमत केली," मी म्हटलं. ते वही घेऊन गेले आणि चार दिवस आलेच नाहीत. शेवटी मीच डबा घेऊन गेले, माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही." बस, एवढंच.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा सुरू झाली. मला मालाडच्या एका शाळेत सुपरव्हिजन होतं. इतिहासाच्या पेपरला वर्गात शिरले आणि दारातच थबकले. खिडकीच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर परबकाका. पुढे-मागे सोळा वर्षांची मुलं आणि मध्ये हे, कडक इस्त्रीत.

हॉल तिकीट तपासत मी त्यांच्याजवळ पोचले. त्यांनी मान वर केली नाही. पुटपुटले, "सही करा, बाई. ओळख दाखवू नका."

मी सही केली. पुढच्या बाकाकडे वळले.

पहिली दहा मिनिटं त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून बसले होते. मग हळूहळू पेन चालू झालं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात ते ताडकन उठून म्हणाले, "मॅडम, पुरवणी!" मागची मुलगी फिस्सकन हसली. मला मात्र हसू आवरायच्या ऐवजी दुसरंच काही आवरावं लागलं.

पेपर सुटल्यावर शाळेबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कधी भरला, कोणाला विचारून भरला, असं मी विचारत होते. ते कपात बघत होते.

"बाई, मी नापास आहे," ते म्हणाले. "दहावीला सामाजिक शास्त्रांत उडालो. नकाशात ट्रॉम्बे दाखवायचं होतं. गावाहून आलेला मी, मुंबई धड बघितलेली नाही. केरळात दाखवलं."

मी हसले. तेही हसले, पण थोडंसंच.

"लग्न जमवताना मामाने सांगून टाकलं, मुलगा मॅट्रिक पास. मी गप्प बसलो. हिची शाळा चौथीपर्यंत. हिला त्याचं इतकं कौतुक, इतकं कौतुक! चाळीत कोणाचा फॉर्म आला की, आमच्या ह्यांच्याकडे आणा, हे मॅट्रिक आहेत. मी भरायचो."

"काकींना सांगितलं नाहीत कधी?"

"रोज सांगणार होतो." त्यांनी कप खाली ठेवला. "हॉस्पिटलात शेवटी नर्स कागद घेऊन आली. अंगठा की सही, विचारलं. ही तेवढ्यात उठून बसायला बघते. म्हणाली, अंगठा कसलो? मॅट्रिक आसत ते! दुसऱ्या दिवशी गेली. आता सांगून काय उपयोग? म्हटलं, निदान तिचं बोलणं तरी खोटं राहू नये."

निकाल लागला त्या दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. माझ्या फोनवर त्यांनी नंबर टाकला, तीनदा पुसला, चौथ्यांदा बरोबर पडला. सगळे विषय सुटले होते. सामाजिक शास्त्रांत एकावन्न.

"काका!" मी ओरडलेच. "सोसायटीच्या ग्रुपवर टाकते थांबा."

"वेड लागलं काय!" त्यांनी फोनवर हात ठेवला. "ग्रुपवाल्यांच्या लेखी मी कधीचाच पास आहे."

ते खरंच होतं. मुलगा, सून, गावचे भाऊबंद, सगळ्यांना परब मॅट्रिकच माहीत. एवढी मोठी बातमी आणि सांगायला माणूस नाही. काकांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "बाई, एक कराल? शाळेत निकाल वाचता ना, तसा एकदा वाचा."

मी उभी राहिले. का कोण जाणे, पदर नीट केला. काकाही उठले, हात सरळ खाली सोडून.

"परब वसंत धोंडू," मी वाचलं. "उत्तीर्ण."

त्यांनी डोळे मिटले होते.

"परत एकदा," ते म्हणाले. "जरा मोठ्याने वाचा. तिला कमी ऐकू यायचं."