आवाजाचे वेगळे पडतील

माणसाच्या सुरक्षिततेचा इतिहास हा मुख्यतः कडीकोयंड्याचा इतिहास आहे. आधी कडी आली, मग कडीला कुलूप आलं, मग कुलूप नीट लागलंय का हे अर्ध्या रस्त्यातून परत येऊन ओढून बघणं आलं. या प्रगतीचा सध्याचा टप्पा म्हणजे भिंतीवरचा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं पोटात साठवणारा रेकॉर्डर. पूर्वी चोरी झाली की माणसाला नुसतं वाईट वाटायचं. आता ती कशी झाली हे चारचौघांना बोलावून, मागेपुढे करून, सावकाश बघता येतं. ही सोय काही लहानसहान नाही.

प्रूफकाकांच्या घरी ही सोय आली ती समोरच्या दारातलं पायपुसणं चोरीला गेल्यामुळे. प्रूफकाका म्हणजे छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. एकही ओळ न वाचता पुढे जाऊ द्यायची नाही, या एकाच तत्त्वावर त्यांनी सगळी नोकरी काढली. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद पूर्ण वाचलेला माणूस पृथ्वीवर आहे का, असं कोणी विचारलं तर गल्ली त्यांच्या घराकडे बोट दाखवत असे. घरी येतानाही पिशवीत प्रूफं असायची. काकू काही सांगू लागल्या की मान वर न करता म्हणायचे, "निवृत्त झालो की ऐकतो." तसा रीतसर करारच होता. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी गच्चीवर दोन खुर्च्या, दोन कप चहा, काकूंनी बोलायचं आणि काकांनी ऐकायचं. काकूंनी इतक्या वर्षांचं बोलणं राखून ठेवलं होतं. खुर्च्याही घेऊन झाल्या होत्या.

तेवढ्यात पायपुसणं गेलं.

काकांनी परिस्थितीचा सर्वांगीण आढावा घेतला. पायपुसणं दाराशी असतं, सबब ते नेणारा दारापर्यंत पोचलेला असतो, आणि दारापर्यंत पोचलेला माणूस आत आल्याशिवाय राहत नाही. (दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन आणि खुद्द पायपुसणंचोर हे अपवाद.) घरात नेण्यासारखा ऐवजही होता: चार माणसांनी उचललं तरच हलेल असं शिलाई मशीन, पाने सुटलेले सहा शब्दकोश, काकूंच्या हातातून गेली कित्येक वर्षं न निघालेल्या दोन बांगड्या आणि गच्चीवरच्या नव्या खुर्च्या. म्हणजे जोखीम मोठीच होती.

दोघं दुकानात गेले. काकांनी परवडणारा रेकॉर्डर मागितला. परवडणारा रेकॉर्डर ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्या खोक्यात फक्त तोच असतो. साठवणीची हार्ड डिस्क वेगळी, वायर वेगळी, वायर भिंतीला ठोकणारा माणूस वेगळा. दुकानदार मोठा समजूतदार होता. आठ कॅमेऱ्यांचा घ्या, पुढेमागे वाढवता येतील, असं त्याने सुचवलं. घराला बाजू चारच आहेत आणि त्या वाढण्याची शक्यता नाही, असं काकांनी निदर्शनास आणलं. डिस्क लहानातली घेतली. तिच्यात आठ दिवस मावतात, नववा आला की पहिला आपोआप पुसला जातो. दुकानदाराने हा मशीनचा गुण म्हणून सांगितला.

"आणि आवाजाचे वेगळे पडतील," तो म्हणाला. "माइक लावावे लागतात."

"आवाज कशाला?" काका म्हणाले. "घरात बोलणारं माणूस एक. आणि ती काय बोलते ते मला पाठ आहे."

काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी वायरचं भेंडोळं उचललं, किती जड आहे ते पाहिलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं.

पहिला कॅमेरा फाटकावर लागला, दुसरा मागच्या दारावर, तिसरा गच्चीच्या जिन्यावर. चौथा उरला म्हणून स्वयंपाकघरात. (वस्तू उरली की ती स्वयंपाकघरात जाते, हा नियम सर्वच घरांत पाळला जातो.) रेकॉर्डर आणि त्याचा पडदा आतल्या खोलीत बसले. मूळ पासवर्ड कोणालाही ओळखता येतो, तो आधी बदला, असं दुकानदाराने बजावलं होतं. काकांनी तो इतका अवघड ठेवला की लक्षात राहावा म्हणून चिठ्ठीवर लिहून रेकॉर्डरच्याच डोक्यावर चिकटवावा लागला. आता घरातली सर्वांत महागडी वस्तू रेकॉर्डर हीच होती, आणि तिच्यावर मात्र एकही कॅमेरा नव्हता. म्हणून काका स्वतः तिच्यासमोर बसले.

इथवर सगळं चारचौघांसारखंच झालं. पण चारचौघं रेकॉर्डिंग बघतात ते काही चोरीला गेल्यावर. हे कळलं तेव्हा काकांना धक्काच बसला. मजकूर तयार होतो, कोणी तपासत नाही, आणि आठ दिवसांनी तसाच पुसला जातो? छापखान्यात असं झालं असतं तर त्यांनी मशीन थांबवलं असतं. त्यांनी पहिल्या दिवसाच्या पहिल्या क्षणापासून तपासणीस प्रारंभ केला. काही हललं तरच दाखवायची सोय मशीनमध्ये होती. ती त्यांनी बंद केली, कारण जो चोर हलणारच नाही त्याचं काय? पुढे पळवायचं बटण फक्त रात्रीच्या भागासाठी मंजूर झालं, तेही दुप्पट वेगापुरतं. खुर्चीत बसल्याबसल्या डोळा लागला, की जाग आल्यावर तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या आठवड्याचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते. मांजर: अकरा वेळा (पैकी दहा वेळा तेच). वाऱ्याने हललेलं फाटक: अगणित. संशयास्पद इसम: तीन वेळा, इसमाची चाल, टक्कल आणि चष्मा यांवरून तो खुद्द काका असल्याचं निष्पन्न. चोर: निरंक. काकू फाटकाची कडी लावल्यावर ती दोनदा ओढून बघतात, ही द्विरुक्ती काकांच्या नजरेतून सुटली नाही. शिवाय त्या रोज संध्याकाळी दोन कप घेऊन जिना चढतात आणि अर्ध्या तासाने दोन कप घेऊन उतरतात, त्यातला एक भरलेला असतो, हेही आढळून आलं. काकांनी खोलीतूनच ओरडून सांगितलं, अगं, चहा वाया जातोय. त्यानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये एकच कप वर जाताना दिसला. सूचनेची तत्काळ अंमलबजावणी झाल्याबद्दल त्यांना समाधान वाटलं.

अडचण एकच होती. कॅमेरे दिवसाचे चोवीस तास बघत आणि काकांना मध्ये जेवावंही लागे. त्यामुळे घर पुढे जाऊ लागलं आणि काका थोडेथोडे मागे पडू लागले. घरात बुधवार असे तेव्हा ते मंगळवारात, घरात शनिवार असे तेव्हा ते गुरुवारात. शेजाऱ्याने आज ऊन काय आहे म्हटलं, की काका म्हणत, हो का? अजून तिथवर आलो नाही.

असेच ते सोमवारात गढलेले असताना, घरातल्या गुरुवारी, काकू खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटीच राहते. तिचा दोन दिवसांपूर्वी फोन आला होता.

"ताई कायमचंच ये म्हणतेय. जाऊ का?"

पडद्यावर मांजर भिंतीवरून उतरत होतं, तेच की दुसरं हे ठरायचं होतं.

"हं," काका म्हणाले.

पुढचे दिवस घर फार शांत होतं. काकांनी याचा अर्थ लावला: अबोला. काकूंच्या अबोल्याचा नेहमीचा मुक्काम चार दिवसांचा, त्यात ढवळाढवळ केली तर आठ, असा त्यांचा पूर्वानुभव. म्हणून त्यांनी शहाणपणाने हाक मारली नाही. भूक लागली की फ्रिज उघडत, भरलेला डबा काढत आणि थंडच खात. गरम करून न देणं हाही अबोल्याचाच भाग, हे त्यांनी ताडलं. आणि काळजीचं तसं काही कारणही नव्हतं, कारण पडद्यावर काकू रोज होत्याच. मंगळवारी त्या मागच्या दारात उभ्या राहून केस पुसत होत्या. बुधवारी स्वयंपाकघरात एकामागून एक डबे भरत होत्या. एवढे डबे कशाला, हा प्रश्न काकांना पडला खरा. उठून त्यांनी फ्रिज पाहिला, त्यात तेच डबे होते, तेव्हा पडद्यावरचं आणि घरातलं जुळल्याची खात्री होऊन ते पुन्हा येऊन बसले.

रविवारी काका गुरुवारात पोचले.

गुरुवारी दुपारी काकू स्वयंपाकघरात, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली येऊन थांबल्या. पदर नीट केला. मान वर केली आणि बोलू लागल्या. चांगली चार मिनिटं बोलल्या. मध्ये एकदा हसल्या. एकदा बोटांवर काहीतरी मोजलं. एकदा डोळे पुसले आणि पुन्हा पुढे बोलल्या. मग गप्प झाल्या, पण हलल्या नाहीत. उत्तराची वाट बघणारं माणूस बघतं तशा वर बघत राहिल्या. थोड्या वेळाने फाटकाच्या चौकोनात त्या दिसल्या, हातात पिशवी. बाहेरून कडी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि गेल्या.

काका उठले. त्यांनी मोठ्याने हाक मारली. घर तीन खोल्यांचं होतं, हाक सगळीकडे पोचली आणि तशीच परत आली. ते गच्चीवर गेले. एक खुर्ची मांडलेली होती, दुसरी घडी करून भिंतीला टेकवलेली.

खाली येऊन त्यांनी ती चार मिनिटं पुन्हा पाहिली, मग पुन्हा, मग पडद्याला नाक लावून. ओठांवरून एकच शब्द लागला. तो 'चहा' होता किंवा 'जा' होता.

त्यांनी मेव्हणीला फोन लावला. मेव्हणी म्हणाली, अहो, तुम्हाला विचारूनच आली की ती, तुम्ही हं म्हणालात. काकांनी असं काही झाल्याचं नाकारलं. त्या खोलीत कॅमेरा नसल्याने पुरावाही नव्हता. मग काकू फोनवर आल्या.

"स्वयंपाकघरात चार मिनिटं काय बोलत होतीस?"

"तुम्हाला पाठ आहे ना," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

काका प्रामाणिक माणूस. पाठ आहे म्हटलं होतं, म्हणून ते खुर्चीत ताठ बसले आणि तेच मोठ्याने म्हणून बघू लागले. कडी लावा. गोळी घेतली का. पंखा बंद करा. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका. एवढं म्हणून झालं तेव्हा पडद्यावरच्या काकूंनी जेमतेम सुरुवात केली होती. उरलेल्या मजकुराचं एक अक्षरही त्यांच्याकडे नव्हतं. इतक्या वर्षांत आपण हा मजकूर कधी वाचलाच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्यांना रडू आलं.

ते दुकानात गेले. माइक बसवता येईल, दुकानदार म्हणाला, पण आवाज इथून पुढचा येईल, मागचा येत नाही, काका. आणि गुरुवार किती दिवस राहील? येत्या शुक्रवारी पुसला जाईल. तो मशीनचा गुण होता.

घरी येऊन काकांनी बटण बंद करून वायर उपसली. चारही कॅमेरे आंधळे झाले. शिलाई मशीन, शब्दकोश, खुर्च्या सगळं उघड्यावर पडलं. रेकॉर्डर पिशवीत घालून ते बसमध्ये बसले आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरून मेव्हणीच्या घरी पोचले. फाटकाची कडी लावायचं आयुष्यात पहिल्यांदाच विसरले होते.

मेव्हणीच्या टीव्हीला त्यांनी तो जोडला. पडद्यावर काकू उभ्या राहिल्या, समोर खुर्चीत काकू बसल्या होत्या. काका म्हणाले, "इथून सांग."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी बंद करा तो."

काकांनी बंद केला. स्वतः जाऊन चहा ठेवला, तो उतू घालवला, उरलेला दोन कपांत ओतला आणि समोर येऊन बसले. काकू बोलल्या. चार मिनिटांत काही आवरलं नाही. त्या काय बोलल्या ते इथे देता येत नाही. प्रस्तुत कथाही परवडणाऱ्यांपैकीच आहे आणि तिला आवाज नाही. कप या वेळी दोन्ही रिकामे झाले, एवढं खात्रीने सांगता येतं.

राहिलं एक किरकोळ काम, तपासणीपुरतं. मघाशी, ते मांजर भिंतीवरून उतरत होतं तेव्हा, तुमच्या घरात आतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही मान वर न करता हं म्हणालात. काय विचारलं होतं? नाही ना आठवत. मागे जाऊन ऐकायची सोय नाही, आवाजाचे वेगळे पडतात. तेव्हा हे बाजूला ठेवा, उठा, आणि फाटकाला बाहेरून कडी लागलीय का तेवढं बघून या.