मानसिंगरावांची विजेची बोट

"मास्तर, आज तरी बोट मिळेल का?" येसूबाईंनी तळ्याच्या पायरीवरून विचारले.

"आज नाही, बाईसाहेब. आज वीज भरतोय."

"मग उद्या?"

"उद्या भरलेली वीज मोजायची आहे."

श्रीपतराव मास्तरांचा नाइलाज होता. येसूबाईंचे यजमान सरदार मानसिंगराव यांनी समा गावाबाहेरच्या आपल्या तळ्यासाठी विलायतेहून विजेची बोट आणवली, तेव्हा बडोद्यात तशी दुसरी नव्हती. काठावर तेलाचे इंजिन धडधडे आणि त्याची वीज बोटीच्या पोटातल्या बॅटऱ्यांत भरली जाई. भरलेल्यापैकी खरोखर हाती किती येते, हे पाहायला सरदारांनी शाळेतून निवृत्त झालेले हे शास्त्राचे मास्तर नेमले. मास्तर कामाला वाहिलेले. वीज किती होती हे ती संपवल्याशिवाय कळणार कसे? म्हणून एक दिवस ते बॅटरी भरत आणि दुसऱ्या दिवशी एकटेच बोटीत बसून, काट्यावर डोळा ठेवून, ती पार रिकामी होईतो तळ्यात फेऱ्या मारत. तीन महिन्यांत सरदारांच्या घरच्या कुणाचे पाऊल बोटीला लागले नव्हते. मोजणीचे तक्ते मात्र फार देखणे झाले होते.

अशात देवासहून जयवंतराव यायचे ठरले. हे थोरल्या मुलीचे होणारे सासरे.

"सोयरीक पक्की व्हायचीय, मास्तर," सरदार म्हणाले. "परवा चार वाजता बोट तयार पाहिजे. शब्द द्या."

"शब्द कशाला, सरकार? प्रमाण देतो!"

इथेच घात झाला. आदल्या दिवशी बॅटरी काठोकाठ भरली. पण भरली याला प्रमाण काय? पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सातलाच मास्तर बोटीत बसले ते दुपारी एकपर्यंत फिरत राहिले. शंभरातली एकाहत्तर वीज परत मिळाली! असा आकडा आजवर आला नव्हता. उरलेल्या तीन तासांत जमेल तेवढी वीज पुन्हा भरून त्यांनी परीटघडीचा अंगरखा चढवला.

चारला बोट निघाली. "वा! धूर नाही, आवाज नाही!" जयवंतराव खूष झाले. मधोमध येताच मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "आमच्या तळ्यात शोभेल ही. मुलीबरोबर हीच पाठवून द्या की."

सरदारांचा चेहरा उतरला. मुलाच्या बापाला नाही म्हणायची सोय नव्हती. "आपलीच आहे," ते कसेबसे म्हणाले, आणि बोट थांबली.

"मास्तर, वल्ही घ्या!"

"वल्ही काढून टाकलीत, सरकार. त्यांच्या वजनाने आकडा दीडाने घसरत होता."

काठाजवळ गावातल्या गवळणीच्या, रतनबेनच्या, म्हशी डुंबत होत्या. "केम, वीजळी खूटी गई?" अशी वीज संपल्याची थट्टा करत तिने एक दांडगी म्हैस बोटीपर्यंत हाकलली. मास्तरांनी बोटीची दोरी तिच्या गळ्यात अडकवली. म्हशीने विलायती बोट चिखलातून काठाला आणून लावली खरी, पण शेपटीच्या एका फटकाऱ्यात जयवंतरावांची जरीची पगडी माखली.

उतरताच ते गरजले, "मानसिंगराव, मुलगी पाठवा. ही बला मात्र आमच्याकडे नको!"

त्यांची बग्गी दिसेनाशी झाली. मास्तर मान खाली घालून पुढे आले. "सरकार, चूक माझी. उद्यापासून येत नाही."

सरदारांनी खांद्यावरचा शेला काढून मास्तरांच्या अंगावर घातला. "मास्तर, बोट वाचवलीत माझी!"

"पण सरकार, सकाळी एकाहत्तर आले होते हो!"

"आकडा घाला चुलीत! धाकटीचं लग्न व्हायचंय अजून. तिचा सासरा आला, की हेच करायचं."

मास्तरांना फार लागले. तीन महिने जिवापाड केलेल्या मोजणीला कुणी विचारले नव्हते आणि बॅटरी मेल्याचा शेला मिळाला होता. पण काम ते काम. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"सरकार, नेमक्या कितव्या फेरीला बंद पाडायची? त्यांनी बोट मागायच्या आधी की नंतर?"